मानद पदवीसाठी नाव सुचवताना: पहिल्यांदाच प्रस्ताव करणाऱ्यांसाठी

आपल्या परिसरातील एखाद्या व्यक्तीचे आयुष्यभराचे काम विद्यापीठाने ओळखावे, असे अनेकांना मनापासून वाटते. मात्र प्रस्ताव कुणाकडे द्यायचा, त्यात काय लिहायचे आणि तो पुढे कोणत्या वाटेने जातो, ही माहिती एका जागी सहसा मिळत नाही. त्यामुळे गावातील मंडळी कुलगुरूंच्या नावे एक भावनिक पत्र लिहितात, त्यावर शे-दोनशे सह्या घेतात आणि वर्षानुवर्षे उत्तराची वाट पाहत राहतात. मी आजवर असे चार प्रस्ताव तयार करण्यास हातभार लावला आहे. पहिला प्रस्ताव फेटाळला गेला, आणि त्याचे कारण त्या व्यक्तीचे काम कमी पडले हे नसून माझे लिखाण कमी पडले, हे मला नंतर उमगले. पुढे जे सांगतो आहे, ते त्या अनुभवातून आणि नियम वाचून समजलेले आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. प्रस्तावावर निर्णय घेणारी बहुतेक माणसे त्या व्यक्तीला कधीही भेटलेली नसतात. आपल्याला जे रोज डोळ्यांसमोर दिसते, ते त्यांना कागदावरच दिसणार असते. कागदावर जे नाही ते त्यांच्या दृष्टीने घडलेलेच नाही, असे समजून प्रस्तावाची प्रत्येक ओळ लिहावी.

पहिली पायरी: कोणता सन्मान योग्य, ते ठरवणे

मानद पदवी म्हणजे परीक्षा किंवा प्रबंध न मागता, केवळ कर्तृत्वाच्या आधारावर विद्यापीठाने दिलेली पदवी. साहित्य, कला आणि मानव्यविद्या यांसाठी साधारणपणे डी.लिट., विज्ञानासाठी डी.एस्सी. आणि कायदा किंवा सार्वजनिक जीवनातील कार्यासाठी एलएल.डी. दिली जाते, पण या सीमारेषा काटेकोर नाहीत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना बनारस हिंदू विद्यापीठाने १९४२ मध्ये डी.लिट. दिली आणि मुंबई विद्यापीठाने १९५७ मध्ये एलएल.डी. दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये एलएल.डी. दिली, तर पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाने डी.लिट. दिली. व्यक्ती एकच असते, परंतु विद्यापीठ तिच्या कामाची कोणती बाजू पाहते आहे त्यावर पदवीचे नाव ठरते. म्हणून प्रस्ताव लिहिण्यापूर्वीच आपण त्या कामाची कोणती बाजू पुढे ठेवणार आहोत, हे निश्चित करावे. शाळा काढली, झाडे लावली, कविता लिहिल्या, रक्तदान शिबिरे घेतली, असे सगळे एकत्र बांधून दिल्यास वाचणाऱ्याच्या मनात एकही गोष्ट ठसत नाही.

कोलंबियाच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बाबासाहेब त्या विद्यापीठाचे विद्यार्थी होते. व्यक्ती आणि विद्यापीठ यांच्यात काही नाते असेल, मग ते शिक्षणाचे असो, परिसराचे असो किंवा विषयाचे असो, तर प्रस्तावाला आधार मिळतो. वऱ्हाडी बोलीवर आयुष्यभर काम केलेल्या अभ्यासकाचे नाव अमरावतीच्या विद्यापीठाकडे जाणे जितके स्वाभाविक, तितके ते दूरच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे जाणे स्वाभाविक नाही.

फेलोशिप या शब्दाने नवख्यांचा हमखास गोंधळ होतो, कारण मराठीत तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक म्हणजे संशोधनासाठी ठरावीक काळ मिळणारे आर्थिक साहाय्य, ज्याला अधिछात्रवृत्ती म्हणतात. त्यासाठी उमेदवार स्वतः अर्ज करतो. दुसरी म्हणजे एखाद्या विद्वत्संस्थेचे सन्मानाचे सदस्यत्व. साहित्य अकादमी त्याला महत्तर सदस्यत्व म्हणते. या लेखात फेलोशिप हा शब्द दुसऱ्याच अर्थाने आला आहे. याखेरीज निवृत्त अध्यापकांसाठी गुणश्री प्राध्यापक, तसेच मानद प्राध्यापक ही पदे असतात. ती विद्यापीठाच्या अंतर्गत नियमांनी भरली जातात आणि त्यांची सुरुवात विभागाकडून होते, त्यामुळे बाहेरच्या व्यक्तीने त्यासाठी थेट विभागप्रमुखांशीच बोलावे.

दुसरी पायरी: संस्थेला पदवी देण्याचा अधिकार आहे का, हे तपासणे

ही पायरी कुणीही गाळू नये. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ याच्या कलम २२ प्रमाणे भारतात पदवी देण्याचा अधिकार केवळ केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, कलम ३ खाली अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. न्यास, प्रतिष्ठान, परिषद, अकादमी किंवा परदेशी वाटणारे नाव धारण करणारी खासगी कंपनी मानद डॉक्टरेट देऊ शकत नाही. या कायद्यातील दंड मात्र अवघ्या एक हजार रुपयांपर्यंतचा आहे, आणि हा बाजार निर्धास्तपणे चालू राहण्यामागे तेही एक कारण असावे, असे मला वाटते.

माझ्या ओळखीच्या एका ज्येष्ठ कीर्तनकारांना काही वर्षांपूर्वी असाच निरोप आला. आपली मानद डॉक्टरेटसाठी निवड झाली आहे, समारंभ मोठ्या हॉटेलात आहे, झगा आणि टोपी आम्ही देऊ, फक्त नोंदणी शुल्क भरावे लागेल, असा तो मजकूर होता. त्यांनी पैसे भरले, मुलांनी गाडी करून त्यांना नेले, आणि परतल्यावर कुणीतरी ती पदवी खोटी असल्याचे सांगितले तेव्हा त्यांनी चौकटीतले प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवून कपाटामागे ठेवले. चाळीस वर्षे गावोगाव उभे राहून ज्यांनी कीर्तन केले त्यांच्या वाट्याला असे यावे, याचे मला आजही वाईट वाटते. खरे विद्यापीठ मानद पदवीसाठी मानकऱ्याकडून कोणतेही शुल्क घेत नाही. पैशांची मागणी झाली की तिथेच थांबावे. बनावट विद्यापीठांची यादी आयोग वेळोवेळी जाहीर करतो, तीही पाहावी. मात्र यादीत नाव नाही म्हणून संस्था खरी ठरत नाही. ती कोणत्या कायद्याखाली स्थापन झाली, हे विचारणे हीच खरी कसोटी आहे.

तिसरी पायरी: प्रस्तावाची वाट समजून घेणे

महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर, गडचिरोली येथील विद्यापीठे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याखाली चालतात. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यातील व्यवस्था थोडक्यात अशी आहे की, मानद पदवीचा विचार करण्यापूर्वी कुलगुरूंनी कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, पूर्वमान्यता घ्यावी लागते. त्यानंतर व्यवस्थापन परिषद त्या नावाची शिफारस अधिसभेकडे, म्हणजे सिनेटकडे, करते. आणि अधिसभेत उपस्थित सदस्यांच्या किमान दोन तृतीयांश बहुमताने ती संमत व्हावी लागते. कृषी विद्यापीठे, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि मुक्त विद्यापीठ यांचे कायदे वेगळे आहेत. गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ चा आहे. अभिमत आणि खासगी विद्यापीठे स्वतःच्या नियमांनी चालतात. आपण ज्या विद्यापीठाकडे जाणार त्याच्या कायद्यातील मानद पदवीचे कलम मुळातून वाचावे. ते जेमतेम अर्ध्या पानाचे असते आणि वाचल्यावर निम्म्या शंका आपोआप दूर होतात.

या वाटेवर सर्वसामान्य नागरिकासाठी वेगळा दरवाजा नाही. म्हणजे आपण पत्र लिहू शकतो, पण ते विषय म्हणून बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर यायचे असेल तर आतल्या कुणीतरी ते उचलून धरावे लागते. यासाठी दोन मार्ग मला उपयोगी वाटले आहेत. पहिला म्हणजे त्या विषयाचा विद्यापीठातील विभाग. विभागप्रमुखांनी आपल्या टिपणासह प्रस्ताव कुलगुरूंकडे पाठवला, तर त्याला विद्याशाखेचे बळ मिळते. दुसरा मार्ग अधिसभेच्या सदस्यांचा. नोंदणीकृत पदवीधरांमधून अधिसभेवर दहा सदस्य निवडून जातात. आपण त्या विद्यापीठाचे पदवीधर असाल आणि आपली नोंदणी झालेली असेल, तर ते आपलेच प्रतिनिधी आहेत. त्यांची वेळ मागून घेऊन प्रस्तावाची प्रत हातात द्यावी. निवडणुकीच्या वेळी मत मागायला येणारे हे सदस्य अशा कामासाठी कुणी आले तर बहुतेक आस्थेने ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

वेळेचे गणित आधी मांडावे. तीन टप्प्यांपैकी प्रत्येकाला स्वतःची बैठक, स्वतःची मुदत आणि स्वतःचा पत्रव्यवहार लागतो. अधिसभेच्या बैठका वर्षातून मोजक्याच होतात. येत्या दीक्षान्त समारंभात पदवी मिळावी या हिशेबाने दोन महिने आधी दिलेला प्रस्ताव त्या वर्षी पूर्ण होण्याची शक्यता जवळपास नसते. किमान वर्षभर हाताशी ठेवावे. व्यक्ती फार वृद्ध असेल तर हे लक्षात घेऊन अधिक लवकर हालचाल करावी, कारण बहुतेक विद्यापीठे मानद पदवी हयात व्यक्तीलाच देतात.

कुणाचे नाव देऊ नये, हेही याच टप्प्यावर ठरवावे. ज्यांच्या हातात विद्यापीठाचे अनुदान, जमीन किंवा नेमणुका आहेत, अशा पदावर असलेल्या व्यक्तींची नावे मी सुचवत नाही आणि इतरांनीही सुचवू नयेत असे मला प्रामाणिकपणे वाटते. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे तर आपल्या सेवेत असलेले कर्मचारी आणि पदावर असलेले राजकारणी यांना नियमानेच वगळतात. ऑक्सफर्डने १९८५ मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना मानद पदवी देण्याचा प्रस्ताव आपल्या सभेपुढे ठेवला, तेव्हा शिक्षणाच्या खर्चातील कपातीमुळे नाराज असलेल्या अध्यापकांनी तो ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी फेटाळला. पद मोठे असले तरी सभागृह नाकारू शकते, आणि तसे झाले तर अवघडलेपण दोन्ही बाजूंना सोसावे लागते.

चौथी पायरी: पुरावे गोळा करणे

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. माझा पहिला प्रस्ताव एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांसाठी होता. त्यांनी नोकरीच्या काळात आणि नंतरही आसपासच्या गावांतील बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून वहीत उतरवल्या होत्या. मी त्यांच्यावर अत्यंत मनापासून चार पाने लिहिली. त्यातले एक वाक्य मला अजून पाठ आहे: ‘गुरुजी हे लोकसाहित्याचे चालतेबोलते विद्यापीठ असून त्यांनी आपले संपूर्ण आयुष्य चंदनासारखे झिजवले आहे.’ या वाक्यात खोटे काहीच नव्हते, पण ते कुणाबद्दलही लिहिता आले असते. प्रस्ताव पुढे सरकला नाही. विभागातील एका वडीलधाऱ्या प्राध्यापकांनी मला बोलावून एवढेच विचारले, “ओव्या किती, कुठल्या, आणि त्या त्यांनी कशा लिहून घेतल्या?” मला तीनपैकी एकाही प्रश्नाचे नेमके उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या वेळी मी गुरुजींच्या घरी तीन रविवार जाऊन बसलो. पत्र्याच्या ट्रंकेत वह्या होत्या, कसर लागू नये म्हणून पानांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घातलेला होता. आम्ही एकेक वही बाहेर काढून तिला क्रमांक दिला; एकूण ४१ वह्या भरल्या. प्रत्येक ओवीखाली सांगणाऱ्या बाईचे नाव, माहेर आणि सासर, अंदाजे वय आणि तारीख होती. एका पानावर ओवीची तिसरी ओळ कोरी सोडलेली होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिले होते, ‘इथे थांबल्या, पुढचे आठवेना.’ त्याच जागी वेगळ्या शाईने ओळ पुरी केलेली होती, आणि खाली दोन वर्षांनंतरची तारीख, सोबत ‘लेकीने सांगितली’ अशी नोंद होती. म्हणजे गुरुजींनी स्वतःच्या मनाने ओळ जुळवली नव्हती. ते थांबले होते, आणि दोन वर्षांनी खरी ओळ सापडल्यावर ती कुणी दिली हे लिहून ठेवले होते. संशोधनाची शिस्त याहून वेगळी काय असते? मी त्या पानाची स्वच्छ छायाप्रत काढली आणि पुढच्या प्रस्तावाला पहिले परिशिष्ट म्हणून तीच जोडली.

आपण ज्यांचे नाव देणार आहात त्यांच्या कामात असे एखादे पान, एखादे यंत्र, एखादी नोंदवही, एखादा पाझर तलाव नक्की असतो. तो शोधावा. प्रकाशित पुस्तके असतील तर प्रकाशक आणि वर्ष यांसह यादी करावी. शेतीतील काम असेल तर वाणाचे नाव, किती शेतकऱ्यांनी ते लावले, कृषी विद्यापीठाने किंवा कृषी विभागाने त्याची चाचणी घेतली आहे का, हे पाहावे. लोककलावंत असेल तर ध्वनिमुद्रणे, शिकवलेल्या शिष्यांची नावे, आकाशवाणीचे करारपत्र, जे हाती लागेल ते घ्यावे. वर्तमानपत्रातील कात्रणे जोडायला हरकत नाही, पण त्यांचा गठ्ठा करू नये. सत्काराच्या दहा बातम्यांपेक्षा कामाबद्दलचा एक जाणकार लेख मोलाचा असतो. ज्या गोष्टीचा पुरावा मिळत नाही ती, कितीही खरी असली तरी, प्रस्तावात ठाम विधान म्हणून घालू नये. एक आकडा चुकीचा निघाला की बाकीच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो.

इथे गोपनीयतेचा प्रश्न येतो. परदेशातील अनेक विद्यापीठे नामांकित व्यक्तीला काहीही कळू देऊ नये असे स्पष्टपणे सांगतात, आणि यामागे चांगला विचार आहे, कारण नाव मान्य झाले नाही तर त्या व्यक्तीला अकारण दुःख होते. आपल्याकडे माहिती गोळा करताना घरी जावेच लागते. अशा वेळी आपण त्यांच्या कामाची नोंद तयार करत आहोत, एवढे खरे आणि पुरेसे कारण सांगावे, आणि पदवीचा उल्लेख घरच्या एका विश्वासू व्यक्तीपुरता ठेवावा. गावात सत्काराची तयारी सुरू होईल अशा रीतीने बातमी पसरू देणे त्या वृद्ध माणसावर अन्याय करणारे आहे. गुन्हेगारी खटला, आर्थिक वाद किंवा लेखनचोरीचा आरोप यांसारखी एखादी अडचण असल्यास ती मात्र आधीच जाणून घ्यावी. ती सभागृहात पहिल्यांदा कळणे सर्वांत वाईट.

पाचवी पायरी: प्रस्तावाचा मसुदा

मुख्य टिपण दोन ते तीन पानांचे पुरे. पद्म पुरस्कारांच्या नामांकनात कार्याच्या वर्णनाला कमाल ८०० शब्दांची मर्यादा असते, आणि तीच मर्यादा इथेही स्वतःहून पाळल्यास लिखाणाला शिस्त येते. पहिल्याच परिच्छेदात नाव, कोणती पदवी, आणि एका वाक्यात कशासाठी, हे यावे. दुसऱ्या वेळी आमचे ते वाक्य असे होते: ‘१९७८ ते २०१५ या काळात दोन तालुक्यांतील गावांत जाऊन त्यांनी जात्यावरच्या ओव्या सांगणाऱ्या स्त्रियांच्या नाव-गाव-तारखेसह संकलित केल्या असून या ४१ हस्तलिखित वह्या आज त्या भागातील स्त्रीगीतांच्या अभ्यासाचे प्रमुख साधन आहेत.’ चंदन आणि विद्यापीठ दोन्ही गेले, वह्या राहिल्या.

त्यानंतर कामाचा क्रम सांगावा, पण तो जन्मापासूनचा चरित्रक्रम नसावा. जन्म, शिक्षण, नोकरी यांना चार ओळी द्याव्यात. उरलेली जागा कामामुळे काय बदलले यासाठी ठेवावी. कुणी त्याचा पुढे उपयोग केला, कुठल्या अभ्यासक्रमात ते आले, कुणी त्यावर प्रबंध लिहिला, कोणत्या गावात पाणी किती महिने टिकू लागले, अशा गोष्टी तिथे याव्यात. हे काम त्यांच्या आधी कुणी का केले नव्हते आणि ते आता दुसऱ्या कुणाला करता येईल का, या दोन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे दिल्यास त्या व्यक्तीचे वेगळेपण कोणत्याही विशेषणाशिवाय समोर येते. थोर, महान, अष्टपैलू, युगप्रवर्तक असे शब्द मसुद्यात शोधून एकेक काढून टाकावेत आणि वाक्य उभे राहते का ते पाहावे. ज्या वाक्यातून विशेषण काढल्यावर काहीच उरत नाही, ते वाक्यच काढावे.

भाषा प्रमाण मराठी ठेवावी आणि कुलपती कार्यालयासाठी इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे, कारण राज्यपाल मराठी वाचणारे असतीलच असे नाही. भाषांतरात गावांची आणि व्यक्तींची नावे मूळ उच्चाराप्रमाणे आली आहेत ना, हे एका माणसाने मुद्दाम तपासावे.

पाठिंब्याची पत्रे तीनच घ्यावीत, पण निवडून घ्यावीत. एक त्या विषयातील अभ्यासकाचे, शक्यतो दुसऱ्या विद्यापीठातील. एक ज्यांनी त्या कामाचा प्रत्यक्ष उपयोग केला त्यांचे. आणि एक अशा व्यक्तीचे जिचा नामांकित व्यक्तीशी काही संबंध नाही पण जिच्या मताला त्या क्षेत्रात मान आहे. आमदार, खासदार, नगराध्यक्ष यांची शिफारसपत्रे मिळणे सोपे असते म्हणून ती गोळा केली जातात. त्यांनी प्रस्ताव जड होतो, भारदस्त होत नाही. पत्र लिहिणाऱ्याला तयार मजकूर देऊ नये. तीन पत्रांत एकच वाक्य सापडले की ती एकाच हाताने लिहिली आहेत हे लगेच ओळखू येते.

सहावी पायरी: सादर करणे आणि पाठपुरावा

प्रस्ताव कुलगुरूंच्या नावे असावा आणि त्याची प्रत कुलसचिवांना (रजिस्ट्रार) द्यावी. पानांना क्रमांक द्यावेत, परिशिष्टांची यादी सुरुवातीला लावावी, मूळ कागद कधीही देऊ नयेत. आवक विभागात शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोच घ्यावी. पुढच्या प्रत्येक पत्रात तो क्रमांक लिहावा. महिना-दीड महिन्याने एकदा नम्रपणे विचारणा करावी. दर आठवड्याला दूरध्वनी केल्याने काम पुढे जात नाही, आणि ज्या लिपिकाच्या टेबलावर ते कागद आहेत त्याच्याशी संबंध बिघडतात. तो लिपिक आपल्या प्रस्तावाचा पहिला वाचक असतो, हे विसरू नये.

नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर प्रत आपल्याकडे जपून ठेवावी, नवीन काम झाले असेल ते भरावे आणि कुलगुरू बदलल्यावर किंवा नवी अधिसभा आल्यावर पुन्हा द्यावा. पूर्वी नाकारले गेले हे लपवू नये. आमचा दुसरा प्रस्ताव पहिल्यानंतर तीन वर्षांनी गेला.

विद्वत्संस्थांच्या फेलोशिपविषयी

इथे नियम आणखी आवळलेले असतात. साहित्य अकादमीच्या महत्तर सदस्यांची संख्या एका वेळी २१ पेक्षा अधिक असू शकत नाही. १९६८ मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन पहिले महत्तर सदस्य झाले, मराठीतील वि. स. खांडेकर, लक्ष्मणशास्त्री जोशी, विंदा करंदीकर, भालचंद्र नेमाडे यांना हा मान मिळाला आहे. संगीत नाटक अकादमीच्या सन्माननीय सदस्यांची मर्यादा ४० आहे. जागा रिकामी झाल्याशिवाय नवे नाव येत नाही, त्यामुळे इथे धीर लागतो. विज्ञानाच्या संस्थांत, मग ती १९३४ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बंगळूरला स्थापन केलेली भारतीय विज्ञान अकादमी असो की लंडनची रॉयल सोसायटी, नाव सुचवण्याचे काम प्रामुख्याने विद्यमान फेलोंचे असते. रॉयल सोसायटीत दोन फेलोंनी नाव द्यावे लागते आणि एकदा दिलेले नाव सात वर्षे निवडीसाठी विचारात राहते. मुंबईचे जहाजबांधणी अभियंता अर्देशीर करसेटजी १८४१ मध्ये या संस्थेचे पहिले भारतीय फेलो झाले; रघुनाथ माशेलकर १९९८ मध्ये झाले.

मग बाहेरच्या माणसाने काय करावे? त्या विषयातील दोन-तीन फेलो कोण आहेत हे संस्थेच्या प्रसिद्ध यादीतून शोधावे आणि त्यांना तयार टिपण, प्रमुख शोधनिबंधांची निवडक यादी आणि प्रत्येक निबंधाचे महत्त्व सांगणारी दोन ओळींची नोंद पाठवावी. नाव द्यायचे की नाही हा निर्णय पूर्णपणे त्यांचा. अनेकदा चांगली माणसे केवळ यासाठी मागे राहतात की त्यांच्याविषयी टिपण करायला कुणाकडेच वेळ नसतो; तो वेळ आपण देऊ शकतो. छोट्या गावातील महाविद्यालयात राहून संशोधन केलेल्यांच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे.

पदवी मान्य झाल्यावर

मानद पदवी घेण्यासाठी व्यक्तीने समारंभाला प्रत्यक्ष यावे अशी बहुतेक विद्यापीठांची अपेक्षा असते. प्रकृतीमुळे ते शक्य नसेल तर आधीच कळवावे, मार्ग निघू शकतो. रवींद्रनाथ ठाकुरांना प्रवास झेपणार नव्हता, तेव्हा ऑक्सफर्डने ७ ऑगस्ट १९४० रोजी शांतिनिकेतनातच समारंभ घेतला. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर आणि राधाकृष्णन हे विद्यापीठाच्या वतीने तिथे गेले होते. विद्यापीठाचे मानपत्र लॅटिनमध्ये वाचले गेले आणि रवींद्रनाथांनी उत्तर संस्कृतात दिले.

नावामागे ‘डॉ.’ लावावे का, असा प्रश्न घरची मंडळी नेहमी विचारतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले, पण लष्करी आणि विद्याविषयक सन्मान त्यातून वगळले, त्यामुळे पदवी स्वीकारण्यात काहीच अडचण नाही. मात्र मानद पदवीधारकाने नावाआधी ‘डॉ.’ लिहू नये असा विद्वत्जगतातील रूढ संकेत आहे. परिचयात ‘मानद डी.लिट.’ असे विद्यापीठाच्या नावासह लिहिणे योग्य.

शेवटचे काम मानपत्राचे. समारंभात वाचल्या जाणाऱ्या या मजकुराचा मसुदा विद्यापीठ बहुधा आपल्याच टिपणावरून करते, म्हणून छपाईपूर्वी तो मागून घ्यावा आणि ज्यांचा सन्मान आहे त्यांना वाचून दाखवावा. गुरुजींना आम्ही त्यांच्या ओसरीवर बसून वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून सगळे ऐकले, गावाच्या नावातील एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला आणि मग म्हणाले, “संकलित केल्या असे नका लिहू. ओव्या त्या बायकांच्या आहेत, मी लिहून घेतल्या.” आम्ही विद्यापीठाला तसे कळवले, आणि छापील मानपत्रात ‘लिहून घेतल्या’ असेच आले.